अमेरिकेत घर घेताय? मॉर्गेजच्या आधी पुराचा नकाशा उघडा

मी मूळचा कोल्हापूरचा. आमच्याकडे जुलै उजाडला की चहाच्या टपरीपासून दवाखान्याच्या बाकड्यापर्यंत एकच प्रश्न असतो: "पाणी किती फुटांवर?" राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांना टेकली की इशारा, ४३ ला धोका. २०१९ आणि २०२१ मध्ये ती ५५ फुटांच्याही वर गेली. कितव्या फुटाला कुठल्या गल्लीत पाणी शिरतं, हे आमच्याकडे शाळकरी पोरालाही पाठ असतं.

असल्या गावातून आलेला मी न्यू जर्सीत घर बघायला गेलो तेव्हा शाळेचं रेटिंग विचारलं, रेल्वे स्टेशन किती लांब ते विचारलं, देवघराला ईशान्य कोपरा मिळतो का तेही बघितलं. मागच्या ओढ्याचं पाणी कुठवर येतं, हे काही विचारलं नाही. क्लोजिंगला, म्हणजे व्यवहार पुरा होऊन घर नावावर होण्याच्या दिवसाला, बारा दिवस उरले असताना लोन ऑफिसरचा ईमेल आला: घर पूरक्षेत्रात आहे, पुराचा विमा दाखवल्याशिवाय कर्ज मिळणार नाही. ते बारा दिवस कसे गेले ते सांगत बसत नाही. त्यानंतर मंडळातल्या पाच-सहा जणांना फोनवर हेच सगळं समजावून झालंय, म्हणून एकदाच नीट लिहून काढतो. उदाहरणं न्यू जर्सीची असली तरी मूळ नियम केंद्र सरकारचे आहेत. ह्यूस्टनला असा नाहीतर टँपाला, ते तुम्हालाही लागू.

सक्ती कोणावर आहे?

अमेरिकेतला नेहमीचा घराचा विमा आग, वादळ, चोरी, अचानक फुटलेला पाइप हे सगळं धरतो. बाहेरून, जमिनीवरून घरात शिरलेलं पाणी धरत नाही. पुराचा विमा विकायला खासगी कंपन्या तयार नव्हत्या, म्हणून १९६८ साली सरकारनेच नॅशनल फ्लड इन्शुरन्स प्रोग्राम काढला. त्याला पुढे नुसतं एनएफआयपी म्हणू. तो चालवते फेमा ही केंद्र सरकारची आपत्ती व्यवस्थापन संस्था. सुरुवातीला सगळं ऐच्छिक होतं आणि अर्थातच फारसं कोणी घेतलं नाही. १९७२ मध्ये अ‍ॅग्नेस वादळाने पेनसिल्व्हेनिया धुऊन काढला, तेव्हा विमा असलेली घरं अगदी थोडी निघाली. मग १९७३ च्या कायद्याने सरकारने नाक दाबलं ते बँकेचं. पूरक्षेत्रातल्या घराला विम्याशिवाय कर्ज द्यायचं नाही, असं बँकांना बजावलं.

म्हणजे सक्ती बँकेवर आहे आणि बँक ती तुमच्यावर ढकलते. रोख पैसे मोजून घर घेणाऱ्याला कोणी विचारत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचे बरेच नियम बँकेचे पैसे सुरक्षित राहावेत म्हणून केलेले आहेत. तुमच्या सोफ्याची काळजी त्यात कुणी केलेली नाही.

तीन गोष्टी जुळल्या की विमा सक्तीचा होतो. घराची इमारत फेमाच्या नकाशावर विशेष पूरधोका क्षेत्रात असणं ही पहिली. ते गाव किंवा टाउनशिप एनएफआयपीत सामील असणं ही दुसरी. बहुतेक गावं असतात. तिसरी म्हणजे कर्ज सरकारी नियंत्रणाखालच्या बँकेचं असणं, किंवा एफएचए-व्हीए या कर्जाची हमी घेणाऱ्या सरकारी खात्यांचं पाठबळ असलेलं असणं, किंवा फॅनी मे-फ्रेडी मॅक या बँकांकडून गृहकर्जं विकत घेणाऱ्या संस्थांकडे विकलं जाणारं असणं. आपण घेतो ती जवळपास सगळी कर्जं यात बसतात. पळवाट शोधण्यात वेळ घालवू नका.

पहिली पायरी: ऑफर देण्याआधी नकाशा

फेमाचं फ्लड मॅप सर्व्हिस सेंटर फुकट आहे. पत्ता टाकला की नकाशा उघडतो. त्यावर झोनची अक्षरं दिसतात. ए आणि व्ही या अक्षरांनी सुरू होणारे सगळे झोन, म्हणजे ए, एई, एएच, एओ, व्हीई, सक्तीचे. व्ही म्हणजे समुद्राच्या लाटांचा मार असलेला किनारा. एक्स झोन सक्तीबाहेर. डी म्हणजे अभ्यासच झालेला नाही. तिथे कायद्याची सक्ती नसली तरी माझ्या मते जपून.

महाराष्ट्रातल्या माणसाला हे समजायला सोपं आहे. आपल्याकडे जलसंपदा विभाग निळी आणि लाल पूररेषा आखतो. निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची. फेमाचं सक्तीचं क्षेत्र म्हणजे ढोबळमानाने आपली लाल रेषा. मात्र "शंभर वर्षांतून एकदा" या शब्दांनी फसू नका. त्याचा अर्थ दरवर्षी १ टक्का शक्यता. तीस वर्षांच्या मॉर्गेजमध्ये ती बेरीज होत होत सुमारे २६ टक्क्यांवर जाते. चारांतल्या एका घरात कर्ज फिटायच्या आत पाणी येणार, असा तो हिशेब.

नकाशा बघताना प्लॉट बघू नका, इमारत बघा. मागचं अंगण एईमध्ये आणि घर एक्समध्ये, असं पुष्कळदा असतं. नियम इमारतीला लावला जातो. अंगणाचा कोपरा पूरक्षेत्रात दिसला म्हणून चांगलं घर सोडून देणारे मी पाहिलेत. आणि दुसऱ्या टोकाला, रस्त्याकडून घर उंच दिसतं म्हणून निर्धास्त राहिलेला मी स्वतः.

नकाशाच्या जोडीला विक्रेत्याला लेखी विचारा. न्यू जर्सीत मार्च २०२४ पासून विक्रेत्याने पुराची माहिती देणं कायद्याने बंधनकारक झालं आहे: घर पूरक्षेत्रात आहे का, आधी पाणी आलं होतं का, सरकारी मदत घेतली होती का. ही शेवटची बाब महत्त्वाची आहे. पूर्वीच्या मालकाने पुरानंतर केंद्राची मदत घेतली असेल, तर त्या घरावर पुराचा विमा चालू ठेवण्याची अट पुढच्या मालकाकडेही येऊ शकते. प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा आहे. काही राज्यांत विक्रेता गप्प बसला तरी चालतं. तिथे शेजाऱ्याची बेल वाजवा. अमेरिकेत असं कोणी करत नाही म्हणतात. मी आता करतो. मी ज्या एका घराचा विचार करत होतो, त्याच्या शेजारच्या आजोबांनी मला हाताने गॅरेजच्या दारावरची खूण दाखवली. ती माझ्या कमरेला लागत होती.

दुसरी पायरी: दर आधी, सही नंतर

न्यू जर्सीत करारावर सह्या झाल्यावर वकिलाच्या तपासणीसाठी कामाचे तीन दिवस मिळतात. त्याच दिवसांत पुराच्या विम्याचा दर हातात घ्या. क्लोजिंगपर्यंत थांबलात तर आकडा कितीही आला तरी गिळावा लागतो.

पूर्वी प्रीमियम झोनवरून ठरायचा. १ ऑक्टोबर २०२१ पासून नव्या पॉलिसींना आणि १ एप्रिल २०२२ पासून जुन्यांना 'रिस्क रेटिंग २.०' ही पद्धत लागू झाली. आता पाण्यापासूनचं अंतर, जमिनीची उंची, पहिल्या मजल्याची उंची, पायाचा प्रकार, घर पुन्हा बांधायचा खर्च हे सगळं बघून प्रत्येक घराचा स्वतंत्र दर निघतो. झोनचं काम फक्त सक्ती आहे की नाही हे ठरवण्यापुरतं उरलं. त्यामुळे शेजाऱ्याच्या प्रीमियमवरून अंदाज बांधू नका.

दोन प्रश्न एजंटला जरूर विचारा. टाउनशिप कम्युनिटी रेटिंग सिस्टिममध्ये, म्हणजे पुराचा धोका कमी करणाऱ्या गावांना सूट देणाऱ्या योजनेत, आहे का? असेल तर गावाच्या कामगिरीनुसार ५ ते ४५ टक्के सूट असते. आणि दुसरा, जो बहुतेकांना ठाऊकच नसतो: विक्रेत्याची चालू एनएफआयपी पॉलिसी माझ्या नावावर करता येईल का? येते. जुन्या मालकाचा दर नव्या पद्धतीप्रमाणे अजून पूर्ण वाढलेला नसेल, तर तो सवलतीचा दर तुम्हाला मिळतो आणि तिथून टप्प्याटप्प्याने वाढतो. मुख्य राहत्या घरासाठी ही वाढ बहुतेक वेळा वर्षाला १८ टक्क्यांच्या आत ठेवावी लागते. विक्रेत्याने पॉलिसी बंद केली तर ही संधी गेली, म्हणून वकिलाला हे करारातच घालायला सांगा.

प्रीमियम वर्षाला २,४०० डॉलर निघाला असं धरू. महिन्याला २०० डॉलर. बँक तुमची ऐपत मोजताना हे २०० हप्त्यात मिळवते, म्हणजे काठावर बसलेलं कर्ज यामुळे नामंजूरही होऊ शकतं. प्री-अप्रूव्हलच्या, म्हणजे बँकेच्या प्राथमिक मंजुरीच्या, पत्रात हा आकडा नसतो. ते पत्र मिळालं म्हणून पेढे वाटू नका.

तिसरी पायरी: बँकेचा एक फॉर्म

बँक स्वतः नकाशा बघत बसत नाही. ती एका तपासणी कंपनीकडून 'स्टँडर्ड फ्लड हॅझर्ड डिटर्मिनेशन' नावाचा फॉर्म भरून घेते. तो मागून घ्या आणि चष्मा लावून वाचा. वर बँकेचं नाव, घराचा पत्ता. मधल्या भागात टाउनशिपचं नाव आणि एनएफआयपी क्रमांक, नकाशाच्या पॅनेलचा क्रमांक, नकाशाची तारीख, झोन. आणि खाली एकच प्रश्न: इमारत विशेष पूरधोका क्षेत्रात आहे का? हो की नाही. तुमचं पुढच्या तीस वर्षांचं बजेट त्या चौकोनातल्या फुलीवर ठरतं. पत्ता बरोबर आहे ना, नकाशाची तारीख नवी आहे ना, एवढं तरी ताडून बघा. याच फॉर्मबरोबर पुढची सगळी वर्षं नजर ठेवण्याची सेवा बहुधा घेतलेली असते. पाच वर्षांनी नकाशा बदलला तर बँकेला तुमच्याआधी कळतं, ते असं.

फुली 'हो'वर असेल तर बँकेने तुम्हाला लेखी नोटीस द्यावी लागते. कायद्यात 'वाजवी मुदत' एवढंच आहे. साधारणपणे क्लोजिंगआधी दहा दिवस वाजवी धरतात. माझी नोटीस बारा दिवस आधी आली होती, म्हणजे बँकेने नियम पाळला होता. राग मी उगाच काढला.

चौथी पायरी: विमा कितीचा?

इथे गडबड होते, म्हणून सावकाश बघू. बँकेला तीन आकड्यांतला सर्वांत लहान आकडा पुरतो:

शिल्लक कर्ज, एनएफआयपीची कमाल मर्यादा, जी एक ते चार कुटुंबांच्या घराच्या इमारतीसाठी २,५०,००० डॉलर आहे, आणि इमारतीची विमायोग्य किंमत, म्हणजे ती पुन्हा उभारायचा खर्च. जमिनीची किंमत यात येत नाही. जमीन वाहून जात नाही, असं विमा कंपनी मानते.

समजा घर ६,५०,००० डॉलरला घेतलं, कर्ज ५,२०,०००, पुनर्बांधणीचा खर्च ४,००,०००. सर्वांत लहान आकडा २,५०,०००. बँक तेवढ्यावर खूश. पण घर खरंच गेलं तर उभारायला चार लाख लागणार आणि हातात अडीच येणार, त्यावरही पहिला हक्क बँकेचा. वरचे दीड लाख हवे असतील तर खासगी कंपनीची जादा पुराची पॉलिसी वेगळी घ्यावी लागते.

आता उलटं उदाहरण. घर जुनं, भारतातली जमीन विकून मोठी रक्कम भरली, कर्ज फक्त १,८०,०००. पुनर्बांधणीचा खर्च ३,००,०००. बँकेच्या दृष्टीने १,८०,००० चा विमा पुरे. पण एनएफआयपीत एक अट आहे: मुख्य राहतं घर असेल आणि विमा पुनर्बांधणीच्या निदान ८० टक्के किंवा कमाल मर्यादेइतका असेल, तरच इमारतीची भरपाई नव्याच्या भावाने मिळते. इथे ८० टक्के म्हणजे २,४०,०००. १,८०,००० वर थांबलात तर छोट्या नुकसानीतही झीज वजा करून किंवा प्रमाणात कापून पैसे मिळतात. प्रीमियममधला फरक विचारून बघा. वरच्या साठ-सत्तर हजारांचा भाव पहिल्या लाखाच्या मानाने बराच कमी पडतो.

घरातल्या सामानाचा विमा बँक सहसा मागत नाही, कारण सामान तिच्याकडे तारण नाही. तो तुम्ही मागून घ्यायचा. कमाल १,००,००० डॉलर, आणि भरपाई नेहमी झीज वजा करून. डिडक्टिबल, म्हणजे नुकसानीतला आपण सोसायचा भाग, इमारतीला वेगळा आणि सामानाला वेगळा लागतो. प्रीमियम कमी करायला तो १०,००० डॉलरपर्यंत नेता येतो, पण त्याला बँकेची मान्यता लागते.

मागची टूलशेड किंवा घराला न जोडलेलं, कोणी राहत नसलेलं गॅरेज पूरक्षेत्रात असेल, तर २०१४ च्या दुरुस्तीपासून त्यासाठी सक्ती नाही. बँक तरीही मागू शकते.

एनएफआयपी की खासगी?

एनएफआयपीची पॉलिसी बहुतेक वेळा नेहमीच्याच विमा कंपनीमार्फत मिळते. नाव कंपनीचं, धोका सरकारचा. दर कुठूनही घेतला तरी तोच. त्यामुळे पाच एजंटांकडून एनएफआयपीचे कोटेशन घेणं म्हणजे पाच दुकानांत पोस्टाच्या तिकिटाचा भाव विचारणं.

खासगी कंपनीची पॉलिसी हा खरा पर्याय आहे. १ जुलै २०१९ पासून ठरावीक निकषांत बसणारी खासगी पॉलिसी बँकांना स्वीकारावीच लागते, आणि डिसेंबर २०२२ पासून एफएचए कर्जालाही ती चालते. कित्येकदा ती स्वस्त पडते, मर्यादा मोठी असते, घर दुरुस्त होईपर्यंत बाहेर राहायचा खर्चही मिळतो, जो एनएफआयपी देत नाही. तोटा असा की मोठ्या पुरानंतर कंपनी नूतनीकरण नाकारू शकते. आणि एनएफआयपीतली सवलतीची पॉलिसी सोडून गेलात आणि परत आलात, तर पूर्ण दराने. घेण्याआधी पॉलिसीत ती सरकारी व्याख्येतली खासगी पूर विमा पॉलिसी असल्याचं ठरावीक विधान छापलंय का बघा. ते असलं की बँकेचा कारकून वाद घालत नाही.

खासगीची आणखी एक बाजू २०२५ मध्ये दिसली. एनएफआयपी संसदेच्या मुदतवाढीवर चालतो. ३० सप्टेंबर २०२५ ला मुदत संपली, शटडाऊन लागला, म्हणजे सरकारी कामकाजच थांबलं, आणि नोव्हेंबरपर्यंत नव्या पॉलिसी बंद. क्लोजिंगच्या तारखा लागलेली माणसं खासगी पॉलिसीकडे किंवा विक्रेत्याच्या जुन्या पॉलिसीकडे धावली.

पाचवी पायरी: तारखा आणि क्लोजिंगचे कागद

एनएफआयपीची नवी पॉलिसी घेतल्यावर ३० दिवसांनी लागू होते. वादळाचा अंदाज टीव्हीवर बघून एजंटला फोन करणाऱ्यांसाठी ही सोय केलेली आहे. मात्र नव्या कर्जाच्या किंवा रिफायनान्सच्या निमित्ताने घेतलेली पॉलिसी, अर्ज आणि पैसे क्लोजिंगपर्यंत पोचले असतील तर क्लोजिंगच्या क्षणापासून लागू होते. एजंटला क्लोजिंगची तारीख लेखी द्या आणि पॉलिसी कर्जाशी जोडायला सांगा. रोखीने घेणाऱ्याला मात्र तीस दिवस मोजावेच लागतात.

बँकेला हवा असतो पॉलिसीचा घोषणापत्रक कागद, म्हणजे तिचा गोषवारा असलेलं पान, आणि पहिल्या वर्षाच्या प्रीमियमची पावती. त्या कागदावर चार गोष्टी तपासा: तुमची नावं कर्जाच्या कागदांप्रमाणेच आहेत का (आपल्याकडे वडिलांचं नाव मधे कधी येतं, कधी गळतं, इथे ते क्लोजिंग अडवतं), पत्ता, बँकेचं नाव तिने सांगितलेल्या नेमक्या शब्दांत, आणि कर्जाचा क्रमांक. माझ्या कागदावर कर्ज क्रमांकाचा एक आकडा चुकला होता. तो दुरुस्त व्हायला एक अख्खा दिवस गेला.

पुढच्या वर्षांचा प्रीमियम १ जानेवारी २०१६ नंतरच्या बहुतेक गृहकर्जांत एस्क्रोमधून जातो, म्हणजे दरमहा हप्त्यात थोडा थोडा कापून. लहान बँकांना आणि काही प्रकारच्या कर्जांना यातून सूट आहे. एस्क्रो असला तरी नूतनीकरणाचं बिल बँकेकडे पोचलं का, हे वर्षातून एकदा बघा. कर्ज एका सर्व्हिसरकडून, म्हणजे हप्ते गोळा करणाऱ्या कंपनीकडून, दुसऱ्याकडे गेलं की हे बिल हमखास जुन्या पत्त्यावर जातं.

टाउनहाऊस, काँडो आणि भाड्याचं घर

आपली बरीच मंडळी आधी टाउनहाऊस किंवा काँडोत जातात. काँडोत, म्हणजे मालकीच्या सदनिकांच्या इमारतीत, एकत्रित पूर पॉलिसी मालकांच्या असोसिएशनने घेतलेली असते. तिची कमाल मर्यादा म्हणजे सदनिकांची संख्या गुणिले २,५०,००० किंवा इमारतीचा पुनर्बांधणीचा खर्च, यातलं जे कमी ते. ती पुरेशी असेल तर बँक तुमच्याकडे वेगळी मागत नाही. तोकडी असेल तर फरक तुम्ही भरायचा. म्हणून ऑफरआधी असोसिएशनकडून पॉलिसीचा कागद मागवा. टाउनहाऊस कागदोपत्री काँडो आहे की स्वतंत्र मालकीचं, हे वकिलाला विचारा. दिसायला दोन्ही सारखीच.

घर भाड्याने देणार असाल तर एनएफआयपीवर वर्षाला २५० डॉलरचा अधिभार पडतो. मुख्य राहत्या घराला तो २५ डॉलर आहे. वर्षाचे निम्म्याहून जास्त दिवस तुम्ही तिथे राहिलात तरच ते मुख्य घर.

बेसमेंट

१ सप्टेंबर २०२१ च्या रात्री आयडा वादळाचं उरलंसुरलं पाणी न्यू जर्सीवर पडलं. रॅरिटन नदीकाठची मॅनव्हिलसारखी गावं बुडाली हे सगळ्यांनी वाचलं. पण आमच्या ओळखीतल्या कितीतरी घरांत पाणी नदीचं नव्हतंच. ते रस्त्यावरून, खिडकीच्या खड्ड्यातून बेसमेंटमध्ये उतरलं, आणि ही घरं एक्स झोनमधली, म्हणजे सक्ती नसलेली. नऊ दिवसांवर गणपती. एका मित्राकडे मखराचे थर्माकोलचे खांब पाण्यावर तरंगत होते, भारतातून आणलेल्या साड्यांच्या बॅगा तळाला, आणि होम थिएटरचा भोपळा झालेला. त्याच्याकडे पुराचा विमा नव्हता. पण असता तरी काय मिळालं असतं, हे ऐका.

एनएफआयपीच्या भाषेत बेसमेंट म्हणजे जिची फरशी चारही बाजूंनी बाहेरच्या जमिनीच्या पातळीखाली आहे अशी जागा. तिथे घर तापवायची भट्टी, पाण्याचा हीटर, विजेचा पॅनेल, साचलेलं पाणी उपसणारा सम्प पंप, पाया, साफसफाई अशा मूळ गोष्टी धरल्या जातात. सामानाचा विमा असेल तर वॉशर, ड्रायर, फ्रीझर आणि त्यातलं अन्न. गालिचा, भिंतींचा रंग, बार, सोफा, टीव्ही, मखर, साड्या: शून्य. तीस हजार डॉलर घालून बेसमेंट सजवणाऱ्यांनी हे वाक्य सुताराला बोलावण्याआधी वाचावं.

आणखी एक घोळ. सम्प पंप बंद पडून किंवा गटार उलटं येऊन पाणी आलं तर ते सहसा 'पूर' नाही. पूर म्हणजे एरवी कोरड्या असलेल्या किमान दोन एकर जमिनीवर किंवा किमान दोन मालमत्तांवर पसरलेलं पाणी. गटार-पंपासाठी घराच्या नेहमीच्या विम्यालाच वेगळं जोडपत्र मिळतं, फार महाग नसतं. दोन्ही हवेत.

रोकड, महत्त्वाचे कागद, घराबाहेरचं डेक, कुंपण, गाडी यातलं काहीच पूर पॉलिसीत नाही. दागिने आणि कलावस्तू मिळून २,५०० डॉलरपर्यंतच. मंगळसूत्र वरच्या मजल्यावर ठेवा. फेमाच्याच आकड्यांनुसार एनएफआयपीच्या दाव्यांतले सुमारे ४० टक्के सक्तीच्या क्षेत्राबाहेरून येतात, तेव्हा एक्स झोनवाल्यांनीही क्लोजिंगच्या वेळी एकदा दर विचारावाच.

नकाशा चुकला असेल तर

नकाशे मोठ्या पट्ट्यावर आखलेले असतात. तुमचं घर टेकाडावर असलं तरी रेषा त्यावरून जाऊ शकते. इथे पुन्हा कोल्हापूरचे फूट कामाला येतात. फेमा त्या जागेची 'बेस फ्लड एलिव्हेशन' देते, म्हणजे तिथली १ टक्क्याच्या पुराची पातळी. परवानाधारक सर्व्हेअर बोलवा. घराला टेकलेल्या जमिनीचा सर्वांत खालचा बिंदू तो मोजेल. तो बिंदू त्या पातळीइतका किंवा वर निघाला, तर 'लेटर ऑफ मॅप अमेंडमेंट'साठी अर्ज करता येतो. फेमा यासाठी शुल्क घेत नाही, खर्च सर्व्हेअरचा. सगळी कागदपत्रं पोचल्यावर साधारण ६० दिवसांत निर्णय येतो. पत्र मिळालं की ते बँकेला द्या. केंद्राची सक्ती संपते, तरी बँक आपल्या धोरणाने विमा मागू शकते, हे आधी विचारून ठेवा. भराव घालून घर उंच केलं असेल तर अर्ज वेगळा आणि तिथे शुल्क आहे.

साठ दिवस क्लोजिंगच्या आत बसत नाहीत. तेव्हा आधी विमा घ्या, घर घ्या, मग अर्ज करा.

कर्ज चालू असताना नोटीस आली तर

नकाशा बदलला किंवा पॉलिसी संपली की बँक पत्र पाठवते. त्या पत्रापासून ४५ दिवस तुमच्या हातात असतात. तेवढ्यात पॉलिसी दाखवली नाही तर बँक स्वतः विमा काढून तुमच्या माथी मारते. हा विमा महाग असतो आणि त्यात तुमचं सामान सहसा नसतं. पत्र जाहिरातीसारखं दिसतं, म्हणून माणसं ते कचऱ्यात टाकतात. टाकू नका. तुमच्याकडे त्या काळात चालू पॉलिसी होती हे सिद्ध केलंत, तर बँकेने ३० दिवसांत आपली पॉलिसी रद्द करून दुहेरी काळाचे पैसे परत द्यावे लागतात. नवा नकाशा लागू झाल्यामुळे पॉलिसी घेत असाल तर पहिल्या वर्षभरात घेतलेलीला तीस दिवसांऐवजी एकच दिवस थांबावं लागतं.

आणि गावाकडचं घर?

हे विचारलं जातंच. भारतात गृहकर्जासाठी पुराचा वेगळा सक्तीचा विमा नाही. बँक बहुधा कर्जाच्या अटींत इमारतीचा विमा मागते, आणि १ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी असलेल्या 'भारत गृह रक्षा' या प्रमाणित पॉलिसीत आगीबरोबर पूर, वादळ, भूकंप, दरड आपोआप येतात. सामानासाठी इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपये, वेगळं न मागता मिळतात. घोटाळा होतो तो दुसरीकडे: बँकेत 'होम लोन इन्शुरन्स' म्हणून जे गळ्यात घालतात तो बहुतेक वेळा कर्जदाराचा आयुर्विमा असतो. त्याचा चिपळूणच्या किंवा सांगलीच्या पाण्याशी काही संबंध नाही. आई-वडिलांच्या कपाटातली पॉलिसी व्हिडिओ कॉलवर उघडायला लावा आणि पहिलं पान वाचून घ्या.

पाणी आलंच तर

वीज बंद, मग फोटो. भिंतीवरची पाण्याची रेषा मोजपट्टी धरून टिपा, प्रत्येक उपकरणाचा मॉडेल नंबर टिपा. ओला गालिचा फेकावा लागतोच, पण टाकण्याआधी त्याचा हातभर तुकडा कापून ठेवा. एजंटला त्याच दिवशी कळवा. नुकसानीचा सही केलेला तपशील एनएफआयपीकडे ६० दिवसांच्या आत जावा लागतो. इमारतीच्या भरपाईच्या चेकवर तुमच्याबरोबर बँकेचंही नाव असतं. तो घेऊन थेट खात्यात भरायला जाऊ नका, परत पाठवतील. सर्व्हिसरच्या नुकसान विभागाला फोन करून चेक कुठे पाठवायचा, बँकेची सही कशी मिळते, आणि दुरुस्तीचे पैसे किती टप्प्यांत सुटतात, हे पहिल्याच फोनमध्ये विचारून घ्या.